बाल्साच्या विमानाचा जमाखर्च



वार्षिक परीक्षा संपल्या की घराघरांतून एक प्रश्न हमखास निघतो. मुलांनी सुटीत करायचे काय? ज्यांची ऐपत आहे ते शिबिरांचे पैसे भरतात, ज्यांचे गाव आहे ते मुलांना गावी पाठवतात आणि उरलेली मुले मोबाईल घेऊन कोपऱ्यात बसतात. अशा वेळी एखादे मूल आईवडिलांकडे विमानाचे किट मागते. किट म्हणजे एक खोका. त्यात बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाच्या पट्ट्या, पूर्ण मापाचा नकाशा, पातळ कागद, प्लॅस्टिकचा पंखा, थोडी तार आणि रबर एवढेच सामान असते. विमान आपले आपण जोडायचे आणि रबराला पीळ देऊन उडवायचे. आईवडील किंमत विचारतात, खोका उघडून बघतात आणि म्हणतात, "एवढे पैसे मोजून काड्या आणायच्या?"

ज्या घरात महिन्याच्या वीस तारखेनंतर प्रत्येक खर्च दोनदा मोजावा लागतो, त्या घराला हा प्रश्न विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. त्याचे उत्तर "मुलांची हौस असते" एवढ्यावर भागवता येणार नाही. म्हणून आज या काड्यांचा जमाखर्चच मांडू या.

हे लाकूड कसले?

बाल्साचे झाड मूळचे मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले. आजही जगाला बाल्सा पुरवणारा मुख्य देश म्हणजे इक्वेडोर. हे झाड झपाट्याने वाढते आणि साधारण सहा ते दहा वर्षांत तोडणीला येते. जिवंत झाडाच्या पेशींत पाणी भरलेले असते. लाकूड भट्टीत वाळवले की पाणी जाते, पोकळ्या राहतात आणि लाकूड कमालीचे हलके होते. 'बाल्सा' या स्पॅनिश शब्दाचा अर्थच तराफा असा आहे. १९४७ साली नॉर्वेचे थॉर हायरडाल पाच सोबत्यांसह 'कॉन-टिकी' नावाच्या तराफ्यावर बसून पेरूच्या किनाऱ्यावरून निघाले आणि १०१ दिवसांनी पॅसिफिक महासागरातील रारोइया या प्रवाळबेटावर पोहोचले. तो तराफा बाल्साच्या नऊ ओंडक्यांचा होता.

हे लाकूड खेळण्यापुरतेच आहे असे कोणी समजू नये. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनचे 'मॉस्किटो' हे लढाऊ विमान लाकडाचे होते. त्याचे पहिले उड्डाण २५ नोव्हेंबर १९४० रोजी झाले. त्याच्या अंगाची भिंत बाहेरून आणि आतून बर्चच्या प्लायवूडची, तर मधला गाभा बाल्साचा होता. या विमानाचे भाग बनवण्यासाठी फर्निचर आणि पियानो बनवणारे कारखाने कामाला लावले गेले. म्हणजे खुर्च्या-टेबले बनवणाऱ्या सुतारांच्या हातांनी त्या काळातल्या अतिशय वेगवान विमानांपैकी एक विमान घडले. आज पवनचक्क्यांच्या लांबलचक पात्यांच्या पोटातही बाल्साचा गाभा वापरतात.

आता वजन बघा. ३ इंच रुंद, ३६ इंच लांब आणि १/१६ इंच जाड अशी बाल्साची पातळ फळी घेतली, तर हलक्या प्रतीची फळी सुमारे ११ ग्रॅम भरते. त्याच मापाची जड प्रतीची फळी २२ ग्रॅम भरते. सागाची तेवढीच फळी ७० ग्रॅमच्या आसपास जाईल. दोन्ही बाल्साच्या फळ्या डोळ्यांना सारख्याच दिसतात. फरक कळतो तो तराजूवर. म्हणून विमान बांधायला बसणाऱ्याने सुरीच्या आधी तराजू जवळ घ्यावा. हल्ली सोनाराच्या काट्यासारखे छोटे इलेक्ट्रॉनिक काटे स्वस्तात मिळतात, आणि चार घरांत मिळून एक काटा पुरतो.

ग्रॅमला लागणारे व्याज

खतावणीत आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्या कारकुनाला या विमानात सर्वांत जास्त काही आवडले असेल तर तो त्याचा चोख हिशेब. पंखाखालून-पंखावरून वाहणारी हवा विमानाला वर उचलते, ती जमेची बाजू. विमानाचे वजन ही खर्चाची बाजू. दोन्ही बाजू जुळल्या तरच विमान हवेत राहते. इथे उधारी नाही, ओळख नाही आणि वशिलाही चालत नाही.

समजा, त्याच मापाचे विमान एकाने २५ ग्रॅमचे बांधले आणि दुसऱ्याने ५० ग्रॅमचे. वजन दुप्पट झाले की हवेत राहण्यासाठी वेग सुमारे ४१ टक्क्यांनी जास्त लागतो. त्यासाठी लागणारी शक्ती मात्र २.८ पटींहून अधिक होते. रबर तर दोघांचे तेवढेच. मग जड विमान थोडे धावते आणि खाली येते. बरे, ते आपटते तेव्हाही गोष्ट तिथेच थांबत नाही. वजन दुप्पट आणि वेग जास्त, म्हणून आपटण्याचा जोर चौपट होतो. म्हणजे विमान मजबूत व्हावे म्हणून जादा लाकूड आणि जादा गोंद घालणाऱ्याचे विमान उलट लवकर मोडते! नव्याने बांधणाऱ्या मुलाला हे खरे वाटत नाही. दोन विमाने बांधल्यावर ते आपोआप पटते.

दुसरा हिशेब तोलाचा. विमान बोटांच्या टोकांवर तोलून धरले असता ते जिथे समतोल राहते ती जागा नकाशात दाखवलेली असते. अशा विमानांत ती बहुधा पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या एक तृतीयांश अंतराच्या आसपास असते. या जागेपासून शेपूट लांब आणि नाक जवळ असते. समजा, शेपूट २५ सेंटिमीटरवर आणि नाक १० सेंटिमीटरवर आहे. तर शेपटीत एक ग्रॅम जास्त झाला की तोल साधायला नाकात अडीच ग्रॅम माती किंवा शिसे भरावे लागते. एका ग्रॅमच्या चुकीसाठी एकूण साडेतीन ग्रॅमचा बोजा! सावकाराचे व्याज ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. म्हणून सर्वांत हलके लाकूड शेपटीला आणि घट्ट, जड लाकूड सांगाड्याच्या लांब पट्ट्यांना व पंखाच्या मुख्य दांडीला वापरावे.

एका घरातले काम

आमच्या ओळखीच्या एका फिटरच्या घरी नववीत शिकणाऱ्या मुलीने असे किट मागितले. वडिलांनी ओव्हरटाइमच्या पैशांतून ते आणून दिले. पाहुणे म्हणाले, "मुलीला विमान कशाला? त्यापेक्षा शिवणाचा क्लास लावा." आई घरी ब्लाऊज शिवते. तीच उत्तरली, "शिवण मी शिकवीन. विमान तिचे तिला बांधू दे." त्या दीड खोलीच्या घरात काम कसे झाले ते सविस्तर सांगतो, कारण घरातल्या प्रत्येकाचे काही ना काही ज्ञान तिथे उपयोगी पडले.

पहिल्या दिवशी कापाकापी केलीच नाही. नकाशा आणि छापील भाग ट्रेसिंग पेपरवर उतरवून घेतले. याचे कारण पुढे येईल. मग सपाट, मऊ फळीवर नकाशा ठेवून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक पसरले, म्हणजे गोंद कागदाला चिकटत नाही. पट्ट्या नकाशातल्या रेषांवर ठेवायच्या आणि दोन्ही बाजूंनी टाचण्या लावून त्यांना जागेवर धरायचे. टाचणी पट्टीतून आरपार घालू नये, पट्टी चिरते. विमानाच्या अंगाच्या दोन बाजू अगदी सारख्या हव्यात, म्हणून एका बाजूवर दुसरी ठेवून दोन्ही एकाच जागी बांधतात. मधे प्लॅस्टिकचा तुकडा ठेवला म्हणजे त्या एकमेकींना चिकटत नाहीत.

दोन बाजू उभ्या करून मधे आडव्या काड्या लावायची वेळ आली तेव्हा वडिलांनी आपला गुण्या काढून दिला. बाजू काटकोनात नसतील तर अंग केळ्यासारखे वाकते आणि विमान कायम एकीकडे वळत राहते. वडिलांचा हात सुरीकडे वळू लागला तेव्हा मुलगी म्हणाली, "पप्पा, तुम्ही फक्त काटकोन बघा. कापायचे मी बघते." त्यांनी ऐकले हे त्या माणसाचे मोठेपण. बहुतेक घरांत इथेच घोटाळा होतो. मुलाचा हात अडखळला की मोठी माणसे सुरी काढून घेतात, दोन तासांत काम उरकतात आणि मूल बघ्यांत जमा होते. ते विमान उडाले तरी त्या मुलाच्या खात्यावर काहीच पडत नाही.

गोंदासाठी पांढरे फेविकॉल थोडे पाणी घालून वापरावे आणि आगकाडीच्या टोकाने लावावे. सांधा नीट बसत नसेल तर गोंदाने फट भरू नये, काडी पुन्हा कापावी. क्षणात चिकटणारा गोंद मोठ्यांनीच हाताळावा. त्याचा वास डोळ्यांना झोंबतो आणि बोटे एकमेकांना चिकटतात. पाते नवे व धारदार असावे, कारण बोथट पात्याला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ते लाकडावरून सटकून बोटावर येते. कापताना धार नेहमी बोटांपासून दूर जाईल अशी धरावी.

पंखाच्या फासळ्या, पुढची कड आणि मागची कड जोडून झाल्यावर दोन्ही पंखांची टोके थोडी वर उचलून मधला सांधा पक्का करतात. त्यामुळे हवेत विमान एका कुशीवर कलले तरी पुन्हा सरळ होते. मग कागद चढवायचा. इथे आईचे ज्ञान कामाला आले. कापडाला जसा उभा-आडवा धागा असतो, तसे टिश्यू कागदालाही तंतूंची दिशा असते. कागदाची लहानशी पट्टी फाडून बघितली की कळते. ज्या दिशेने सरळ फाटतो ती तंतूंची दिशा. ती पंखाच्या लांबीच्या दिशेने ठेवायची. कडेला पातळ गोंद लावून कागद सुरकुती न ठेवता ताणून बसवला आणि वाळल्यावर त्यावर पाण्याचा बारीक फवारा मारला. ओला कागद आधी ढिला पडतो आणि वाळताना ढोलकीच्या पानासारखा ताठ होतो. त्या वेळी पंख फळीवर टाचण्यांनी दाबून ठेवावा लागतो, नाहीतर ताणाने तो पिळवटतो. एवढे काम करताना आईने बोट दाखवले, हात मुलीचे होते.

पहिले विमान, दुसरे विमान

त्या मुलीचे पहिले विमान ४१ ग्रॅम भरले. गोंद जास्त झाला होता आणि शेपटीला घट्ट लाकूड गेले होते, त्यामुळे नाकात माती भरावी लागली. मैदानावर पहाटे वारा पडलेला असताना ते सोडले. चार सेकंदांत खाली आले, नाक दबले आणि एक पंख मोडला. वस्तीतली दोन मुले हसली. घरी येताना वडिलांच्या मनात ओव्हरटाइमचे तास आले असतील, पण ते बोलले नाहीत.

त्या रात्री तिने मोडलेले विमान सोडवून एकेक भाग तोलला आणि वहीत मांडला. अंग किती, पंख किती, शेपूट किती, माती किती. कुठे खर्च जास्त झाला हे कागदावर दिसू लागले. मग ट्रेसिंग पेपरवर उतरवलेला नकाशा बाहेर आला. पंखा, चाके, तार आणि रबर पहिल्याच विमानाचे घेतले. नवे लाकूड म्हणून फक्त दोन हलक्या फळ्या आणल्या आणि पट्ट्या तिने स्वतः पट्टी लावून कापल्या. दुसऱ्या विमानाला नवे किट लागलेच नाही. ते २६ ग्रॅम भरले.

या वेळी उडवण्याची घाईही केली नाही. आधी पंखा न फिरवता, नाक किंचित खाली धरून, हळूच पुढे सोडून बघितले. विमान नाक खुपसत होते म्हणून शेपटीच्या आडव्या पट्टीची मागची कड केसभर वर केली. मग रबराला थोडेच पीळ देऊन सोडले. पीळ जास्त दिल्यावर ते नाक वर करून थबकू लागले, तेव्हा पंख्याच्या ठोकळ्यामागे वरच्या बाजूला बाल्साची पातळ चकती घातली, म्हणजे पंख्याची ओढ किंचित खालच्या दिशेने झाली. एका वेळी एकच बदल आणि प्रत्येक बदल वहीत. रबराला ग्लिसरीनचा हात दिला, ते तिप्पट लांब ताणून निम्मे पीळ दिले आणि बाकीचे पीळ देत देत हळूहळू जवळ आली. त्या सकाळी विमान गोल फेरी घेत बावीस सेकंद हवेत राहिले. वडिलांनी ते घड्याळात मोजले आणि आकडा आईला फोनवर सांगितला.

खेळण्यापासून सुरुवात झालेली माणसे

अशा विमानांचा मूळपुरुष फ्रान्सचा आल्फोन्स पेनो. ऑगस्ट १८७१ मध्ये पॅरिसच्या त्विलरी बागेत त्याचे पिळलेल्या रबरावर चालणारे छोटे विमान सुमारे ११ सेकंद उडाले. मागे शेपूट देऊन विमान हवेत स्थिर कसे ठेवायचे, हे त्याने त्यात दाखवले होते. पुढे १८७८ साली अमेरिकेत मिल्टन राईट यांनी आपल्या दोन लहान मुलांना पेनोच्याच पद्धतीचे, वर उडणारे एक खेळणे आणून दिले. ते कॉर्क, बांबू आणि कागदाचे होते. ते मोडले तेव्हा विल्बर आणि ऑर्विल यांनी तसेच दुसरे बनवले. मग मोठे बनवले, आणखी मोठे बनवले. पण जितके मोठे करावे तितके ते कमी उडे. दुप्पट मापाच्या यंत्राला आठपट शक्ती लागते हे तेव्हा आपल्याला माहीत नव्हते, असे त्यांनी पुढे लिहिले आहे. मुलांनी उगाच पैसे वाया घालवले असे तेव्हा कोणी म्हणाले असते तर? १७ डिसेंबर १९०३ रोजी त्याच दोघा भावांनी इंजिनाच्या विमानातून माणूस उडवला. दोघेही कॉलेजची पदवी नसलेले, सायकली बनवून विकणारे कारागीर होते.

प्रत्येक मूल राईट होणार नाही हे उघड आहे. पण नकाशा वाचणे, मिलिमीटरपर्यंत माप घेणे, वजन लिहून ठेवणे, एका वेळी एकच बदल करून परिणाम बघणे आणि मोडलेली वस्तू रडत न बसता उघडून तपासणे, या गोष्टी आय.टी.आय.मध्ये, डिप्लोमाला आणि कारखान्यात रोज लागतात. पुस्तकातला 'गुरुत्वमध्य' हा शब्द पाठ करणारी मुले पुष्कळ असतात. नाकात चिमूटभर माती लावून तो पुढे सरकवलेले मूल तो शब्द विसरत नाही. एन.सी.सी.च्या हवाई विभागातही छात्रांना विमानांच्या प्रतिकृती बांधायला आणि उडवायला शिकवतात. या विभागाच्या पहिल्या तुकड्या १ एप्रिल १९५० रोजी मुंबई आणि कलकत्ता येथे उभ्या राहिल्या. शाळा-कॉलेजात हा विभाग असेल तर मुलांनी आणि मुलींनीही नाव घालावे.

खर्च कसा बसवावा

शेवटी पैशांचे. पहिल्याच फटक्यात मोठे, देखणे, परदेशी किट घेऊ नये. पुष्कळ घरांत अशी किटे अर्धवट बांधून कपाटावर धूळ खात पडतात, आणि तो खर्च मात्र खरोखर वाया जातो. आधी एका फळीतून हाताने सोडायचे साधे, बिनरबराचे विमान कापावे. ते तोलून नीट तरंगले की मग साधारण १८ इंच पंखविस्ताराचे, सरळ बाजूंचे, रबरावरचे किट घ्यावे. तीन-चार घरांनी वर्गणी काढून एकच किट आणावे, नकाशा आधी उतरवून घ्यावा आणि पुढची विमाने सुट्या फळ्यांतून बांधावीत. बाल्सा मिळाला नाही तर बांबूच्या बारीक कामट्या आणि पतंगाचा कागद यांवरही सुरुवात करता येते. पतंग बनवणाऱ्या आपल्या मुलांना तो हात आधीच असतो. वस्तीतल्या अभ्यासिकेत रविवारचे दोन तास आणि एक टेबल मिळाले तरी काम होते.

टेबलावर मुलाशेजारी मुलगीही बसेल आणि सुरी तिच्याही हातात जाईल, एवढे मात्र आईवडिलांनी पाहावे. पहिले विमान मोडणारच आहे, तो खर्च आधीच धरून चालावे. मोडल्यावर त्या मुलाला किंवा मुलीला रागावण्याऐवजी एक वही आणि काटा द्यावा, आणि दुसऱ्या विमानाच्या दोन फळ्यांसाठी थोडे पैसे बाजूला ठेवावेत.